देवाला फॉरवर्डचा टेकू कशाला?

मंडळी, बोरिवली-मुलुंडच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. "विज्ञानाने देव मान्य केला!" म्हणे विश्वाचे आकडे इतके अचूक जुळलेत की कणभर इकडेतिकडे झाले असते तर माणूस जन्मलाच नसता. म्हणजे जुळवणारा कुणीतरी हवाच. दहा जणांना पाठवा.

कोडं खरं आहे. पण 'पुरावा' हा शब्द जपून वापरा.

या वादात फ्रेड हॉईल यांचं नाव हमखास येतं. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. 1953 साली त्यांनी हिशेब मांडला: कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजला असेल, तर त्याच्या अणुकेंद्रात ठरावीक ऊर्जेची एक पातळी असायलाच हवी. मग हात जोडून बसले नाहीत. अमेरिकेत कॅलटेकच्या लोकांना म्हणाले, शोधा. सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला ती सापडली. नसती सापडली तर हॉईल तोंडघशी पडले असते. पुरावा म्हणतात तो याला!

पुढे त्याच हॉईलना या जुळणीमागे एखादी महाबुद्धी असावी असं वाटू लागलं. वाटू दे की. ते मत झालं, मोजमाप नव्हे. 1989 मध्ये काही शास्त्रज्ञांनी गणितात ती पातळी थोडी वर सरकवून पाहिली, तरी कार्बन बऱ्यापैकी तयार होतच होता. 'कणभर' म्हणजे किती, हे मेसेजवाले सांगतात का?

दुसरी बाजू म्हणते, विश्वं अनेक आहेत, आपण जगण्याजोग्या विश्वात आहोत इतकंच. विरार लोकलच्या डब्यात विचारा, गाडी कुणाला मिळाली? सगळे हात वर. सुटली ते प्लॅटफॉर्मवर. युक्तिवाद चोख, पण ती दुसरी विश्वंही कुणी पाहिलेली नाहीत. नियम दोघांना सारखाच.

मला भीती पुढच्या पायरीची वाटते. आज 'जुळवणारा आहे', उद्या 'त्याला कुंडली कळते', परवा खड्याची अंगठी. नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर कुंडल्यांची चाचणी घेतली होती. 27 ज्योतिषांची उत्तरं सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी बरं. आणि 'तपासून बघा' म्हणणाऱ्या दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या.

श्रद्धा ठेवा, आरती करा, माझी ना नाही. पण विज्ञानाची सही हवी असेल तर एकच सांगा: काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, 'आमचं चुकलं'?

उत्तर असेल तर कमेंटमध्ये लिहा. नसेल तर फॉरवर्ड तरी थांबवा.