बिल्टीवर लिहिलेली किंमत

जुन्या मोटारींचा बाजार आता गावापुरता राहिलेला नाही. इचलकरंजीचा सूतव्यापारी किंवा बार्शीचा अडत्या दुकानाच्या गादीवर बसून दिल्ली, बंगळूर, अहमदाबाद येथील गाड्या मोबाईलवर पाहतो, तेथील नातेवाइकाकडून एखादी तपासून घेतो आणि सौदा ठरवतो. दिल्लीच्या गाड्यांचा ओघ विशेष. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांनाही तोच न्याय लागला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. मुदत जवळ आलेल्या पण सुस्थितीतील गाड्या तेव्हापासून परराज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. पुढे त्या आदेशांचा न्यायालयात पुन्हा विचार झाला, तरी एकदा रुळलेला व्यापार थांबला नाही. सौदा करताना घासाघीस भरपूर होते. गाडी आणायची कशी, हा प्रश्न मात्र पैसे चुकते झाल्यावर सुचतो आणि बहुधा एका फोनवर निकालात काढला जातो. नुकसानीचे बीज पेरले जाते ते तेथेच.

नवल असे की हीच घराणी मालाच्या वाहतुकीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असतात. सुताची गाठ असो वा हळदीची खेप, बिल्टीवाचून ती हलत नाही, आणि हुंडेकऱ्याची पत पाहिल्यावाचून तिच्यावर सही होत नाही. मोटारीकडे मात्र तीच नजर वळत नाही, कारण ती ‘वाहन’ वाटते. वास्तविक ट्रेलरवर चढवताच ती कायद्याच्या लेखी माल होते. १८६५ चा जुना कायदा रद्द करून २००७ साली जो रस्ता-वाहतूक कायदा आला, त्यानुसार भाड्याने माल नेणाऱ्याने नोंदणी करून घेतली पाहिजे, आणि पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन व किंमत लिहून दिली पाहिजे. या कायद्यात व्यापाऱ्याच्या बाजूची एक मोठी तरतूद आहे: माल गहाळ झाला वा मोडला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालकावर नसते.

परंतु त्याच कायद्याची दुसरी तरतूद फार थोड्यांच्या ध्यानात असते. वाहतूकदाराची जबाबदारी अमर्याद नाही. जादा जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे लिहून दिले नसेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळू शकते, आणि तीही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. समजा, गाडी सहा लाखांची आहे आणि भाडे अठरा हजार ठरले. घाटात ट्रेलर उलटला, तर वाहतूकदाराकडून मागता येणारी कमाल रक्कम एक लाख ऐंशी हजार. भाडे घासून बारा हजारांवर आणले असेल, तर एक लाख वीस हजार. भाड्यात वाचवलेल्या सहा हजारांनी साठ हजारांचे संरक्षण गेले, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागू नये. तो मांडलाच जात नाही, एवढेच.

‘गाडीला विमा आहे’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे. मोटारीच्या प्रचलित सर्वसमावेशक पॉलिसीत रस्त्याने, रेल्वेने वा जलमार्गाने गाडी वाहून नेताना होणारी हानी सामावलेली असते, हे खरे. पण ती पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? मालकी बदलली की तृतीय पक्षाची जोखीम कायद्यानेच नव्या मालकाकडे येते. गाडीच्या स्वतःच्या हानीचे संरक्षण तसे आपोआप येत नाही. त्यासाठी खरेदीदाराने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. विक्रेत्याने कमावलेली दावारहित सवलत त्याच्याकडेच राहते, म्हणून थोडा फरक भरावा लागतो. गाडी नेमकी याच मधल्या दिवसांत ट्रेलरवर असते. विकणाऱ्याचा तिच्यात अर्थ उरलेला नाही आणि घेणाऱ्याचे नाव कागदावर आलेले नाही, अशा अवस्थेत दावा दाखल झाला तर तो फेटाळण्यास कंपनीला कारण आयते मिळते. म्हणून आधी पॉलिसीचे नाव बदलावे आणि मगच गाडी चढवावी. ते शक्य नसेल, तर त्या प्रवासापुरता स्वतंत्र विमा आपल्या नावाने घ्यावा. वाहतूकदार ‘विमा आमच्याकडून’ म्हणाला, तर पॉलिसीचा कागद मागावा आणि तिच्यात गाडीचा क्रमांक व पूर्ण किंमत आहे का, ते वाचावे. भाड्याच्या बिलात ‘विमा’ या नावाने आकारलेली रक्कम म्हणजे पॉलिसी नव्हे.

किमतीचा प्रश्न येथे नाजूक होतो. कधी सौद्यातील काही भाग रोखीने जातो आणि विक्रीच्या कागदावर आकडा कमी पडतो. कधी विम्याचा हप्ता व जादा जोखमीचा दर वाचावा म्हणून बिल्टीवर सहाऐवजी दोन लाख लिहिले जातात. व्यापारात याला चतुराई म्हणण्याची रीत पडली आहे. जैन आचारशास्त्रात मात्र याला जुने नाव आहे: कूटलेखक्रिया, सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक. खोटा कागद करणे हा तिचा सरळ अर्थ, आणि प्रतिक्रमणात ज्यांची आलोचना केली जाते त्यांत तिचा समावेश आहे. धर्माचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी वाहतूकदाराकडून दोन लाख लिहिलेल्या गाडीची भरपाई दोन लाखांवर कधीच जाणार नाही, आणि सहा लाख दिले होते हे सांगायला जावे तर आपलाच लेख आपल्या विरुद्ध उभा राहतो. विक्रीचा कागद, बिल्टी आणि विमा या तिन्हींवर एकच, खरी किंमत हवी. विक्रेता जीएसटी बिल देणारा व्यावसायिक असेल, तर ई-वे बिलाचा विषयही गाडी निघण्यापूर्वीच कर सल्लागाराकडून उलगडून घ्यावा.

भाडे मोजण्याऐवजी चालक पाठवून गाडी चालवत आणावी, असे अनेकांना वाटते. दोन-तीनशे किलोमीटरांसाठी ते ठीक आहे. दिल्ली ते सांगली हे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, त्याचे जाण्याचे भाडे आणि मुक्काम यांची बेरीज केली की बचत फारशी उरत नाही. शिवाय वाटेत अपघात झाला, तर आरसी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे दिल्लीतील विक्रेत्याच्या दारात नोटीस जाते आणि ज्याच्या ओळखीने सौदा झाला त्या पाहुण्याशी संबंध बिघडतो.

वाहतूकदार निवडताना सर्वांत कमी भाव सांगणारा बहुधा दलाल निघतो. तो आगाऊ रक्कम घेतो, गाडी दुसऱ्याच्या ट्रेलरवर टाकतो, आणि वाटेत ‘वजन जास्त’, ‘सीमेवरचा खर्च’ अशी कारणे निघू लागतात. गाडी तोवर त्याच्या ताब्यात असते. म्हणून त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा, बिल्टी कोणाच्या नावाची फाटणार ते आधी ठरवावे आणि भाड्याचा मोठा भाग गाडी हाती आल्यावर देण्याचे लिहून घ्यावे. बंद कंटेनरमध्ये धूळ-दगड लागत नाहीत, उघड्या ट्रेलरचे भाडे कमी पडते. पावसाळ्याच्या आणि घाटरस्त्याच्या प्रवासासाठी बंद कंटेनर बरा.

मुहूर्ताची घाई हा आपल्या घरांतला खास विषय. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची अक्षय्य तृतीया गाठायची, गाडी आधी मंदिरापाशी न्यायची, हा हट्ट गोड असला तरी ट्रेलरला तो ठाऊक नसतो. कंटेनरमध्ये अनेक गाड्या जातात आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय तो यार्डातून निघत नाही. सांगितलेली तारीख हा अंदाज असतो. ती पाळली जावी म्हणून शेवटच्या दिवसांत बिल्टी न पाहताच गाडी सोपवली जाते आणि पुढचे सगळे घोटाळे तेथून सुरू होतात. मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी गाडी निघेल असा सौदा जुळत नसेल, तर पुढचा मुहूर्त धरावा.

गाडी सोपवताना चारही बाजूंची, टपाची आणि आतील भागाची छायाचित्रे, तसेच मीटरवरील किलोमीटरचा आकडा, तारखेसह टिपून ठेवावा. (त्याच वेळी आसने खऱ्या चामड्याची आहेत की कृत्रिम, हेही विचारून घ्यावे; आसने कापडी असली तरी सुकाणूवर आणि गिअरच्या मुठीवर चामड्याचे वेष्टन असू शकते. सौद्यापूर्वी विचारले तर उत्तम.) डिकीत घरचे सामान भरून पाठवण्याचा मोह टाळावा, कारण बिल्टीवर नसलेल्या वस्तूंची भरपाई कोणी देत नाही. टाकीत थोडेच इंधन ठेवावे आणि दुसरी किल्ली देऊ नये. विक्रेत्याचा फास्टॅगही काढून टाकावा.

मोठा कंटेनर लहान शहरात येत नाही. तो पुण्याजवळच्या एखाद्या यार्डात गाडी उतरवतो आणि पुढचा प्रवास चालक ती चालवत करतो. हे आधी सांगितले जात नाही, मीटर मात्र सांगतो. ताबा घेताना दिवसाच्या उजेडात, छायाचित्रे समोर ठेवून पाहावे आणि ओरखडा, पोचा वा काचेला तडा दिसला तर तो बिल्टीच्या प्रतीवर लिहून चालकाची सही घ्यावी. ‘साहेबांशी बोलून घ्या, आता फक्त सही करा’ या शब्दांवर कोरी सही देऊ नये. मोठी हानी असेल तर लेखी नोटीस पाठवावी लागते आणि तिची १८० दिवसांची मुदत माल पोचल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजली जाते. नोटिशीवाचून दावाच चालत नाही.

यानंतर आरटीओचे काम. मूळ राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये, हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने, कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५, हे सर्व गाडी निघण्यापूर्वी हाती हवे. नंतर विक्रेत्याच्या सह्यांसाठी दिल्लीच्या खेपा कोणाला परवडतात? परराज्याचा क्रमांक बारा महिने चालतो, ही समजूत खरेदीदाराच्या उपयोगाची नाही. ती सवलत गाडी घेऊन राज्य बदलणाऱ्या मालकाची; विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या आरटीओला हस्तांतरण कळवायचे असते. महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक मिळाला, की जुन्या राज्यात भरलेल्या करातील उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो. आणि नव्या आरसीची एक प्रत विक्रेत्याला न मागता पाठवावी. ती मिळेपर्यंत त्या गाडीच्या प्रत्येक दंडाची चिठ्ठी त्याच्याच पत्त्यावर जात असते.