चिप मोठी बसवली, पण गेम तोच राहिला!



या महिन्यात आपल्या संगमनेरच्या बॅचमधल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, कर्ज काढून शेजारचा गाळा घेऊ का?" माझं उत्तर जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये आहे.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटमधली ८ केबीची रॅम काढून मी ३२ केबीची बसवली. दोन्ही चिपला २८ पायच असतात, एक-दोन पायांची जोडणी तेवढी बदलावी लागते. सोल्डरिंग एकदम झकास झालं. पण गेम? तोच! कारण गेमचा प्रोग्रॅम ८ केबीच वापरत होता. उरलेली २४ केबी नुसती पडून. वर सेव्ह केलेला गेमही गेला, कारण तो त्याच जुन्या रॅममध्ये बटण सेलवर टिकून होता. मी माफी मागितली, मजुरी घेतली नाही.

मागणी नसताना घेतलेला गाळा म्हणजे ती २४ केबी. फरक एवढाच, की गाळ्याला हप्ता असतो.

मग जागा कमी पडली तर काय करायचं? निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला. त्याच्या प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्रॅम साधारण ३२ केबीच एका वेळी दिसायचा. तरी १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' चा प्रोग्रॅम २५६ केबीचा होता. मशीन तेच, पण कॅसेटमध्ये एक मॅपर चिप होती. लागेल तो भाग पुढे, बाकीचा मागे. याला म्हणतात बँक स्विचिंग.

दुकानातही हेच करा. जूनमध्ये वह्या-छत्र्या पुढे, दिवाळीत लायटिंग पुढे, बाकी माल घरच्या माळ्यावर.

काहीजण म्हणतील, मोठं दुकान दिसलं की गिऱ्हाईक आपोआप येतं. येतं, बघतं आणि जातं. विक्री होते ती योग्य माल हाताशी असला तर.

म्हणून आधी एक महिना वही ठेवा. जागेअभावी माल नव्हता म्हणून किती गिऱ्हाइकं परत गेली, ते रोज लिहा. त्या बुडालेल्या विक्रीतला नफा नव्या गाळ्याचा हप्ता आणि लाईटबिल भागवत असेल, तर बिनधास्त घ्या. नसेल, तर बँकेत जाण्याआधी आपलं रॅक बदला.