डोळा गेल्यावर लाख, जाण्याआधी काय?

जळगाव-धुळ्याची कपाशी डोळेही मागते. फवारताना औषध उडते, पऱ्हाटी उपटताना काडी लागते. औषध गेले तर डोळा उघडा धरून १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा, मगच दवाखाना गाठा. काडी रुतली तर उपटू नका, दाबू नका. वाटी झाकून न्या. नुसते खरचटले तरी मनाने स्टिरॉइडचे थेंब घालू नका. बुबुळात बुरशी शिरली असेल तर ती फोफावते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा गेल्यास १ लाख रुपये आहेत, पण सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर बाहेरच! आम्ही म्हणतो, त्यालाही योजनेत घ्या. आणि प्रत्येक पंपामागे आधी चष्मा द्या.