रक्तदानास अपात्र ठरलेल्यांचे काय?

काही वर्षांपूर्वी रायपुरात आमच्या कार्यालयात रक्तदान शिबिर झाले. रांगेत आमच्या एक लिपिक भगिनी होत्या. त्यांच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बुडाला नाही, तरंगत राहिला. "हिमोग्लोबिन कमी आहे, तुम्हाला रक्त देता येणार नाही," एवढे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. त्या खाली मान घालून जागेवर येऊन बसल्या. सायंकाळी मी वरिष्ठांना जो अहवाल पाठविला त्यात जमा झालेल्या पिशव्यांचा आकडा होता. या भगिनींची नोंद कोठेच नव्हती.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम, दोन रक्तदानांत पुरुषांना 90 व स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर, मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने आणि गोंदवून घेतल्यावर वर्षभर थांबणे, हे सारे दाता व रुग्ण या दोघांच्याही रक्षणासाठी आहे. नुकताच झालेला संसर्ग प्रयोगशाळेतील चाचणीत दिसेलच असे नाही. म्हणून दात्याने दिलेले खरे उत्तर हीच पहिली चाचणी होय. साहेब शेजारी उभे असतील आणि शंभर पिशव्यांचे लक्ष्य ठरले असेल, तर असे उत्तर मिळणे कठीण.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडमधील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 61 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्या पाहणीत गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी मर्यादा 12 ग्रॅमची होती. रक्तदानाची त्याहूनही वरची. म्हणजे येथील निम्म्याहून अधिक स्त्रिया इच्छा असूनही रक्त देऊ शकत नाहीत. कारण लोहाची कमतरता असेल, जंत असतील, किंवा छत्तीसगड व विदर्भात आढळणारा सिकलसेलही असेल. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून अभियान सुरू केले. त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. एकीकडे शासन तपासणीसाठी गावोगाव जाते. दुसरीकडे जी व्यक्ती स्वतःहून बोट पुढे करते, तिला आपण नुसते "नाही" म्हणून परत पाठवितो!

उपाय फार खर्चाचा नाही. शिबिराच्या अहवालात आणखी दोन रकाने असावेत: किती जणांना नाकारले, आणि त्यांपैकी किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचले. नाकारताना एकांतात कारण सांगावे व हाती तपासणीची चिठ्ठी द्यावी. महाराष्ट्राबाहेरील आपली मंडळेही गणेशोत्सवात रक्तदान शिबिरे भरवितात. त्यांना तर हे करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

त्या भगिनींची पुढे तपासणी झाली का, हे मी त्यांना विचारले नाही. अहवालात तसा रकानाच नव्हता, ही सबब मला आज पुरेशी वाटत नाही.