म्हणे, एकदा तरी आई होऊ द्यायचं!

"मांजरीचं ऑपरेशन करून घेतलं" असं नुसतं म्हणून बघा. ऑफिसच्या कँटीनमध्ये म्हणा, लिफ्टमध्ये म्हणा, नाहीतर आईला फोनवर सांगा. समोरचा आधी गप्प होतो आणि मग ते वाक्य येतंच येतं, "अरे, बिचारीला एकदा तरी आई होऊ द्यायचं ना!" भुरीच्या ऑपरेशनपासून हे इतक्या जणांनी ऐकवलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी नक्की काय होतं ते. पूर्ण भूल देतात, पोटाच्या मध्यावर किंवा बाजूला छोटा छेद घेतात, दोन्ही अंडाशयं आणि बहुतेकदा गर्भाशयही काढतात, टाके घालतात. संपलं. संध्याकाळी घरी आल्यावर भुरी झिंगल्यासारखी चालत होती. दोनदा भिंतीला धडकली, मग पलंगाखाली जाऊन बसली ती रात्री मासे दाखवल्यावरच बाहेर. पुढचे दहा-बारा दिवस तिला जे काही दुःख होतं ते गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरचं. गर्भाशयाची आठवण काढून ती रडताना मला तरी दिसली नाही. (दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल कृपया देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे, एका गोळीनेही जीव जातो. औषध डॉक्टरचंच.)

आता दुसरी बाजू. पाच-सहा महिन्यांची झाली की मांजर माजावर येते. रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, दारावर धडका. मांजरीत अंडं सुटतं ते बहुतेकदा बोक्याशी संग झाल्यावर. तो झाला नाही की माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. पुन्हा ओसरतो, पुन्हा येतो. बेस केस नसलेलं रिकर्शन! चौथ्या मजल्यावर, जाळीच्या खिडकीआड, पुडीतलं खाणं खाऊन आणि दरवर्षी लस टोचून घेत जगणाऱ्या जीवाला यातून जायला लावायचं आणि वर "निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नये" म्हणायचं. वा!

बरं, होऊ दिलं आई. साधारण नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं. पहिली अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आणि ज्या मातृत्वाने आपले डोळे पाणावतात ते मातृत्व दोन-तीन महिन्यांत त्याच पिल्लांवर फिसकारून त्यांना हाकलायला लागतं. तिचं त्यात काही चुकत नाही, मांजर आहे ती. निरूपा रॉय आपण तिच्यात बघतो.

मग पिल्लांचं काय? मराठीत यासाठी एक फार सभ्य शब्दप्रयोग आहे, "सोडून आलो". मंडईत सोडून आलो. देवळापाशी सोडून आलो, तिथे खायला मिळतं. नदीपलीकडे सोडून आलो, म्हणजे परत येत नाहीत. गोणपाटातून नेली हे सांगायचं नाही. त्यातली किती जगली हे बघायला कोणीच परत जात नाही. ऑपरेशन करणारा क्रूर आणि हे सगळे प्राणिप्रेमी.

"एक वेत झालं की तब्येतीला बरं असतं," हेही ऐकलं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी. पिल्लं झाल्याचा मात्र काहीच फायदा दिसला नाही. मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात, त्यामुळे हे आकडे किरकोळ नाहीत. गर्भाशयात पू होण्याचा आजार वेगळाच. माज थांबवायची हार्मोनची इंजेक्शनं स्वस्त पडतात म्हणून देणारेही आहेत, पण त्यांनी हे दोन्ही धोके उलट वाढतात.

तोटे नाहीत असं मी म्हणत नाही. भुलीचा धोका थोडा असतोच, म्हणून डॉक्टर नीट पारखून घ्यावा. नंतर भूक वाढते आणि गरज कमी होते. भुरी गोल व्हायला लागली आहे, तिचं खाणं आता वाटीने नाही, काट्यावर मोजून घालतो.

बोकेवाल्यांचा तर मासला वेगळाच. बोक्याचं ऑपरेशन मादीपेक्षा कितीतरी सोपं, पोट उघडावंही लागत नाही. पण विषय काढला की पुरुषमंडळी अशी आवळून बसतात की जणू टेबलावर त्यांनाच घेणार आहेत! "राहू दे रे, बोका आहे, त्याला काय होतंय." त्याला काहीच होत नाही, खरंय. पिल्लं दुसऱ्याच्या जिन्याखाली होतात. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक असाच रोज रात्री फिरायला सुटतो, माझ्या बाइकच्या टायरवर सही करतो आणि सकाळी दूध प्यायला घरी. त्याच्या मालकांनीच मला परवा लिफ्टमध्ये विचारलं, "का हो, बिचारीला एकदा तरी...?"