पानफुटी आणि सुरय

‘निसर्ग मोठा चिवट आहे, त्याची चिंता माणसाने वाहू नये’ हे मत पुण्यातील सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकू येते आणि पुराव्यादाखल सज्जातील पानफुटीकडे बोट दाखविले जाते. पान तोडून मातीवर टाकावे, खुशाल विसरावे. काही दिवसांत त्याच्या कडेच्या खाचांतून इवली रोपे डोकावू लागतात. मादागास्करची ही रहिवासी आपल्या कुंपणांत आणि मुतखड्याच्या घरगुती औषधांत अशी रुळली आहे की तिचे परकेपण कोणास आठवत नाही. तिच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. दिवसा रंध्रे मिटून ती रात्रीच्या गारव्यात हवा आत घेते. हे सारे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सर्वस्वी खोटा आहे.

काळ्या पोटाचा सुरय पाहा. समुद्रपक्ष्यांच्या कुळातील हा पक्षी नद्यांवर वस्तीस आला. पाणी ओसरले की उघड्या वाळूत, काडीचाही आडोसा न करता, त्याची मादी दोन-तीन अंडी घालते. ते बेट वाळूवाल्यांनी उपसून नेले, धरणाचे पाणी अवेळी सुटून बुडाले, किंवा कुत्री तेथवर पोचली, की त्या सालची वीण संपली. थायलंड व कंबोडियातून तो नाहीसा झाला. आपल्याकडेही तो संकटग्रस्तांत गणला जातो. ‘जाईल दुसरीकडे’ म्हणणाऱ्यांनी ते दुसरीकडे म्हणजे कोठे, तेही एकदा सांगून टाकावे.

कोणी म्हणेल, हा भीमाकाठच्या खेडुतांचा प्रश्न. पुणेकरांचा त्याशी काय संबंध? वा! आपल्या न्हाणीघरांचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनीच्या जलाशयात जाते. सुरयाचा भाऊबंद नदी सुरय त्याच जलाशयावर मासे टिपतो, आणि आपण रोहित पक्षी पाहावयास मोटारी काढून भिगवणास जातो तेही तेथेच! शहरातील नदीकाठ बांधून काढण्याच्या कामाची पायाभरणी २०२२ साली झाली, तेव्हाही ‘काठावर आहे काय, गाळ आणि झुडपे’ असे म्हणणारे हेच पानफुटीचे भक्त होते.

चंबळेच्या काठी पाणचिऱ्याची घरटी राखण्यास गावकरी नेमले गेले आहेत. विणीच्या दिवसांत वाळू उपसू न देणे आणि धरणाचे पाणी बेटांचा विचार करून सोडणे, यास काही फार मोठी विद्या लागत नाही. भीमेवर ते का होऊ नये?