सॅमन माशाची सागरयात्रा व मनुष्याचें कर्तव्य

हिमालय ओलांडून हिंवाळ्यांत आपल्या देशांतील तळ्यांवर उतरणारे हंस आपणांस ठाऊक आहेत. त्यांचा प्रवास निदान डोळ्यांस दिसतो. उत्तरेकडील थंड समुद्रांत फिरणाऱ्या सॅमन माशाची यात्रा मात्र पाण्याखालीं चालते, आणि म्हणून ती शतकानुशतकें गूढच राहिली. हा मासा नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मास येतो, कांहीं काळ तेथेंच वाढतो, आणि वीतभर लांबीचा झाल्यावर रुपेरी वर्ण धारण करून समुद्राकडे निघतो. समुद्रांत एक, दोन किंवा अधिक वर्षें काढून तो पुष्ट होतो व बहुधा आपल्या जन्मनदींतच परत येतो. घराजवळ आल्यावर ती नदी तो वासावरून ओळखतो, असें हॅस्लर व विस्बी या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं प्रतिपादन केलें, व पुढील प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. परंतु मधलीं वर्षें तो कोठें होता, काय खात होता व कोणत्या मार्गानें गेला, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाच्या शोधार्थ आज जहाजें, उपग्रह व प्रयोगशाळा राबत आहेत. एका माशाचीं चरावयाचीं ठिकाणें शोधून लाभ तो कोणता, असें कोणी विचारील. त्याहून गंभीर असा दुसरा आक्षेप आहे. ठिकाण कळलें कीं तेथें जाळीं जातात. तेव्हां अज्ञान हेंच त्या मुक्या प्राण्याचें कवच होय, तें आपण कां फोडावें? या दुसऱ्या आक्षेपाचाच येथें विचार करण्याचें योजिलें आहे. कारण त्यास इतिहासाचा आधार आहे.

१९५६ सालीं, स्कॉटलंडांत बिल्ला लावून सोडलेला एक सॅमन ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ धरला गेला. युरोपांतील नद्यांचे मासे अटलांटिक महासागर ओलांडून इतक्या दूर चरावयास जातात, हें त्यामुळें उघडकीस आलें. उत्तर अमेरिकेंतील नद्यांचे मासेहि त्याच पाण्यांत येतात, असें पुढें आढळलें. विद्वानांस आनंद झाला खरा; परंतु थोड्याच वर्षांत तेथील मासेमारी झपाट्यानें वाढली, परदेशीय नौकाहि जाळीं घेऊन तेथें येऊं लागल्या, आणि १९७१ या एका वर्षांत सुमारें २,७०० टन सॅमन त्या पाण्यांतून काढले गेले. जे मासे अंडीं घालण्यासाठीं शेंकडों नद्यांकडे परतावयाचे, ते वाटेंतच संपले. शोधाच्या पाठोपाठ लूट आली, हें नाकारतां येत नाहीं.

तथापि यावरून अज्ञानच बरें होतें, असा निष्कर्ष काढणें मला मान्य नाहीं. लोभास नकाशा लागत नाहीं. तो आज ना उद्यां आपली जागा शोधतोच. अंधारांत चालणाऱ्या लुटीचा अधिक वाईट भाग हा कीं, कोणाचें काय गेलें हें कोणासच कळत नाहीं, आणि फिर्यादीवांचून न्याय होत नाहीं. ज्या बिल्ल्यानें जाळ्यांस वाट दाखविली, त्याच बिल्ल्यानें हे मासे कोणत्या देशांतील नद्यांचे आहेत याची साक्षहि दिली. त्या साक्षीच्या बळावर वाटाघाटी झाल्या, व १९७६ पासून ग्रीनलंडच्या पाण्यांतील सॅमन धरण्याचा हक्क तेथील रहिवाशांपुरता मर्यादित झाला. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या ६६ व्या कलमानें, ज्यांच्या नद्यांत असे मासे जन्मतात त्या राष्ट्रांचा त्यांवरील प्रमुख हितसंबंध व प्रमुख जबाबदारी मान्य केली. १९८४ सालीं उत्तर अटलांटिकमधील सॅमनच्या रक्षणार्थ राष्ट्रांची एक संयुक्त संस्था एडिंबरो येथें स्थापन झाली. शोध लागलाच नसता, तर यांपैकीं एकाहि गोष्टीस पाया मिळाला नसता.

दुसरें असें कीं, ज्ञान जितकें सूक्ष्म, तितका न्यायहि सूक्ष्म करतां येतो. माशाच्या खवल्यावर वृक्षाच्या खोडांतल्याप्रमाणें वाढीचीं वलयें उमटतात. कर्बाचे हलके व जड असे दोन प्रकार समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींत ज्या प्रमाणांत असतात, तें प्रमाण पाण्याच्या उष्णतेनुसार बदलतें व अन्नाच्या द्वारें शेवटीं खवल्यांत उतरतें. अनेक वर्षांचे जपून ठेवलेले खवले तपासून, त्या प्रमाणाचा चढउतार कोणत्या सागरभागाच्या उष्णतेशीं जुळतो हें साउथॅम्प्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं पाहिलें. १९११ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०११ सालीं, हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील फ्रूम नदीचे मासे आइसलंडनजीकच्या समुद्रांत चरतात, तर ईशान्य किनाऱ्यावरील नद्यांचे मासे नॉर्वेच्या समुद्रांत चरतात, असें त्यांस दिसून आलें. एकाच देशांत जन्मलेल्या माशांचीं कुरणें जर अशीं निरनिराळीं असतील, तर सर्वांस एकच नियम लावून कसें चालेल? २००८ ते २०११ च्या दरम्यान युरोपीय संशोधकांनीं समुद्रांत धरलेल्या लहान सॅमनांच्या आनुवंशिक द्रव्यावरून त्यांच्या जन्मनद्यांचा प्रदेश ठरविला, तोहि याच मार्गावरील प्रयत्न होय.

तिसरें कारण सर्वांत निकडीचें आहे. आज सॅमनचा शत्रु केवळ जाळें हा नाहीं. ग्रीनलंडची मासेमारी पूर्वीच्या मानानें अत्यल्प उरली असतांहि, २००६ ते २०२० या काळांत अटलांटिक सॅमनची जगांतील संख्या २३ टक्क्यांनीं घटली, आणि २०२३ सालीं निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघानें त्यास संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत घातलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दोनशेंहून अधिक माशांवर उपग्रहाशीं संबंध ठेवणारीं यंत्रें बसविलीं होतीं. थंड व उष्ण प्रवाह जेथें मिळतात, त्या ध्रुवीय सीमेकडे निरनिराळ्या देशांचे मासे ओढले जातात, असें त्यांत आढळलें. समुद्र तापत जाऊन ही सीमा उत्तरेकडे सरकली, तर माशाची वाट लांबणार व अन्नहि बदलणार. नदी कितीहि स्वच्छ केली, तरी समुद्रांत उपाशी मरणारा मासा तिच्यांत परत येणार नाहीं. म्हणून कुरण कोठें आहे हें जाणणें, हा रक्षणाचाच पहिला भाग होय.

परंतु या ज्ञानाबरोबर एक ऋणहि येतें. सॅमन जन्मतो स्कॉटलंडांत किंवा कॅनडांत, पण पुष्ट होतो तो ग्रीनलंडच्या समुद्रांतील लहान माशांवर. तेथील गरीब कोळ्यानें म्हणावें कीं, माझ्या दारीं चरून मोठा झालेल्या माशांत माझाहि वांटा आहे, तर तें अयोग्य म्हणतां येणार नाहीं. ज्या धनवान देशांनीं आपल्या नद्यांवर बांध घातले, त्यांत कारखान्यांची घाण सोडली, व किनाऱ्याजवळ पिंजऱ्यांत सॅमन पाळून त्यांवरील उवांचा उपद्रव रानटी माशांस लाविला, त्यांनीं संयमाचा सारा भार त्या कोळ्यावर टाकावा, हें न्यायास धरून नाहीं. आइसलंडचे ऑरी विगफुसोन यांनीं १९८९ सालीं एक निधि उभारला, आणि जाळीं थांबविणाऱ्या कोळ्यांस त्यांच्या हक्काचा मोबदला देण्याची पद्धति पाडली. २०१७ सालीं ते निवर्तले. परंतु मागण्यापूर्वीं देणें हा त्यांचा मार्ग मला केवळ बंदीपेक्षां अधिक न्याय्य वाटतो.

राष्ट्रांस असें एकत्र वागतां येतें, याचें उदाहरण पॅसिफिक महासागरानें दिलें आहे. तेथें १९९३ पासून एका करारान्वयें भर समुद्रांतील सॅमन धरणें बंद आहे. २०१९ च्या हिंवाळ्यांत कॅनडा, अमेरिका, रशिया, जपान व दक्षिण कोरिया या पांच देशांचे शास्त्रज्ञ एकाच रशियन जहाजांतून अलास्काच्या आखातांत सॅमनच्या शोधार्थ गेले होते. राजकारणांत परस्परांकडे संशयानें पाहणारीं राष्ट्रें एका माशासाठीं एका डेकवर उभीं राहिलीं, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या नद्यांत सॅमन नाहीं. पण समुद्रांतून नदींत चढणारा हिल्सा आहे, आणि १९७५ सालीं फराक्का येथें गंगेवर बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादकडे जाणारी त्याची वाट अडली, हें आपण विसरूं नये. शाळेंत आपणांस शिकविलें जातें कीं, सृष्टीचे आपण मालक नसून कारभारी आहोंत. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. आणि मत्ता कोठें आहे हेंच जो जाणत नाहीं, तो हिशेब काय देणार? यास्तव शोध चालूं द्यावा, मात्र प्रत्येक शोधाबरोबर त्याच्या उपयोगाचा नियम व त्यांत ज्यांचा वांटा आहे त्यांचा मोबदला ठरविला जावा, असें माझें स्पष्ट मत आहे.